टेक ऑफ (इंग्रजी क्रियापद)

टेक ऑफ : इंग्रजी भाषेतील एक नित्य वापरातील अनेकार्थी क्रियापद. ‘टेक’ (घेणे) हे क्रियापद आणि ‘ऑफ’ (-पासून दूर, अलग) हा निपात यांच्या संयोगाने ते बनले आहे. अंगावरील कपडे काढणे, किंमत कमी करणे, कामावर रजा घेणे, एखाद्याची नक्कल करणे, अकस्मात निघून जाणे, विमानाने जमीन सोडणे, धंद्याने झपाट्याने जोर धरणे असे त्याचे वरवर पाहता परस्परांशी असंबद्ध वाटणारे अर्थ आहेत. क्रियापद व निपात मिळून एकच अर्थ व्यक्त करणाऱ्या अशा रचनेस इंग्रजी व्याकरणात ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. मराठीत तिला पदबंधात्मक क्रियापद म्हणता येईल. या क्रियापदांचे अर्थ केवळ पाठ करावयाचे असतात, त्यांत काही संगती नसते, असा समज इंग्रजी शिकणाऱ्यांत रूढ आहे. ‘टेक ऑफ’च्या बाबतीत तो खरा नाही. त्याचे बहुतेक सर्व अर्थ ‘एखादी गोष्ट जेथे टेकलेली वा जोडलेली आहे, तेथून ती अलग होणे किंवा करणे’ या एका मूळ कल्पनेतून विस्तारत गेले आहेत. मात्र हा विस्तार कोणत्या दिशेने होईल, हे तर्काने आधी सांगता येत नाही. ते भाषेतील रूढीने ठरते. झालेल्या विस्ताराची संगती मागाहून लावता येते, एवढेच.

व्युत्पत्ती व इतिहास : ‘टेक’ हा शब्द मूळचा इंग्रजी नाही. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या प्राचीन नॉर्स भाषेतील ‘टाका’ या क्रियापदापासून तो आला. तत्पूर्वी ‘घेणे’ या अर्थी इंग्रजीत ‘निमन’ हे क्रियापद होते. जर्मन भाषेतील ‘नेमेन’ हे त्याचेच भावंड होय. ‘टेक’च्या प्रसारामुळे ‘निमन’ मागे पडून मध्ययुगीन इंग्रजीच्या काळात ते लुप्त झाले. ‘निंबल’ (चपळ) व ‘नम्’ (बधिर) या आजच्या शब्दांत त्याचे अवशेष दिसतात.

‘ऑफ’ हा शब्द मात्र इंग्रजीचा जुना वारसा आहे. षष्ठीचा अर्थ दाखविणारा ‘ऑव्ह’ आणि ‘ऑफ’ हे मुळात एकच शब्द होते. जोर देऊन उच्चारलेले रूप ‘ऑफ’ म्हणून कालांतराने वेगळे झाले. इंडो-यूरोपीय भाषाकुटुंबातील ग्रीक ‘आपो’, लॅटिन ‘आब्’ व संस्कृत ‘अप’ हे त्याचे सगोत्र शब्द होत. त्यामुळे ‘टेक ऑफ’मधील ‘ऑफ’ आणि ‘अपहरण’, ‘अपनयन’ यांसारख्या शब्दांतील ‘अप’ ही एकाच मुळाची दोन अपत्ये ठरतात. संस्कृतात ‘हृ’ या एकाच धातूला निरनिराळे उपसर्ग लागून प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार असे भिन्न अर्थांचे शब्द बनतात, हे सर्वपरिचित आहे. इंग्रजी निपाताचे कार्य याच जातीचे आहे. भेद स्थानाचा आहे : संस्कृत उपसर्ग धातूच्या आधी येऊन त्याला जोडला जातो, तर इंग्रजी निपात क्रियापदानंतर सुटा येतो. वैदिक भाषेत हा भेद इतका पक्का नव्हता. तेथे उपसर्ग धातूनंतर येऊ शकतो व धातू आणि उपसर्ग यांच्यामध्ये इतर शब्दही येऊ शकतात, याची नोंद पाणिनीने केली आहे. आधुनिक जर्मनमध्येही असे विलग होणारे उपसर्ग आहेत. ‘ऑफ’चा सगोत्र ‘अब’ व वर उल्लेखिलेले ‘नेमेन’ यांपासून बनलेल्या ‘अबनेमेन’ या जर्मन क्रियापदाचे टोपी काढणे, घटणे, वजन कमी होणे असे अर्थ आहेत. ‘टेक ऑफ’शी त्याचे साम्य उघड आहे.

क्रियापदानंतर निपात योजण्याची प्रवृत्ती इंग्रजीत मध्ययुगापासून बळावत गेली. शेक्सपिअरच्या मॅक्‌बेथ या नाटकात ‘टेक ऑफ’पासून साधलेले नाम ‘खून’ या अर्थी आले आहे. सॅम्युएल जॉन्सनने आपल्या १७५५ मधील कोशाच्या प्रस्तावनेत अशा क्रियापदांचा खास उल्लेख केला असून परकीयांना त्यांची फार अडचण वाटते, असे नमूद केले आहे. अठराव्या शतकातील इंग्रजीत ‘टेक ऑफ’चे आज मागे पडलेले काही अर्थही होते, उदा., प्याला एका दमात रिकामा करणे, बाजारातील माल विकत घेऊन उचलणे. ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा मात्र पुष्कळ अलीकडची आहे. लोगन पीअरसॉल स्मिथ याने वर्ड्‌स अँड इडिअम्स (१९२५) या ग्रंथात ती रूढ केली; ती ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचविली होती.

व्याकरणिक स्वरूप : ‘टेक ऑफ’ हे सकर्मक व अकर्मक अशा दोन्ही प्रकारे वापरले जाते आणि अर्थनिश्चितीच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. कपडे काढणे, किंमत उतरविणे, नक्कल करणे हे अर्थ सकर्मक प्रयोगात आढळतात. जमीन सोडणे, निघून जाणे, जोर धरणे हे अर्थ अकर्मक प्रयोगात आढळतात. सकर्मक प्रयोगात नामरूप कर्म निपाताच्या आधी वा नंतर येऊ शकते : ‘टेक ऑफ युअर कोट’ व ‘टेक युअर कोट ऑफ’ या दोन्ही रचना शुद्ध आहेत. कर्म सर्वनाम असेल, तर मात्र ते मध्येच यावे लागते. ‘टेक इट ऑफ’ हीच रचना शुद्ध होय. ‘टेक द बुक ऑफ द शेल्फ’ (पुस्तक फळीवरून काढून घे) या वाक्यातील ‘ऑफ’ हे पुढील नामाशी निगडित असलेले संबंधदर्शक अव्यय आहे. तेथे पदबंधात्मक क्रियापद नाही. तथापि ‘फळीवरून’ हा भाग वक्त्याने गाळला की उरलेले वाक्य पदबंधात्मक क्रियापदासारखेच दिसते. अव्ययाचा निपात कसा होतो, याचा एक मार्ग यावरून लक्षात येतो.

नाम म्हणून वापरताना या शब्दाचा उच्चार व लेखन बदलते. क्रियापदात आघात सामान्यतः ‘ऑफ’वर, तर नामात ‘टेक’वर असतो. नाम लिहिताना ब्रिटिश लेखनात बहुधा संयोगचिन्ह देतात, तर अमेरिकन लेखनात ते एकच शब्द म्हणून लिहितात.

अर्थविस्तार : (१) सर्वांत जवळचा अर्थ अंगावरील किंवा एखाद्या वस्तूवरील आवरण दूर करणे हा आहे : टोपी, चष्मा, जोडे, भांड्याचे झाकण इत्यादी. याचा विरुद्धार्थी शब्द ‘पुट ऑन’ हा होय. शस्त्रक्रियेत अवयव कापून अलग करणे हा अर्थ याच्याच शेजारचा आहे. (२) वस्तूऐवजी संख्या वा रक्कम आली की ‘वजा करणे’ असा अर्थ होतो. शंभरावर दहा टक्के सूट, परीक्षेत कापलेले गुण, कमी केलेले वजन या सर्व ठिकाणी पूर्ण राशीतून एक भाग अलग केला जातो. (३) कर्म कालवाचक असेल, तर रजा घेणे असा अर्थ निष्पन्न होतो. कामाचे दिवस ही एक सलग राशी मानून तीमधून एक दिवस बाजूला काढला जातो. (४) चालू असलेल्या गोष्टीतून काढून घेणे : आगगाडीची एखादी फेरी बंद करणे, रंगभूमीवरून नाटक उतरविणे, बुडत्या जहाजावरील खलाशांना सुखरूप हलविणे. क्रिकेटमध्ये कर्णधार एखाद्या गोलंदाजाची गोलंदाजी थांबवितो, तेव्हाही हेच क्रियापद योजतात. (५) नक्कल करणे : हा अर्थ अठराव्या शतकापासून आढळतो व आजही मुख्यतः ब्रिटिश इंग्रजीत वापरला जातो. प्रथमदर्शनी तो इतरांशी विसंगत वाटतो. परंतु मूळ वस्तूवरून प्रतिकृती किंवा ठसा ‘उतरवून घेणे’ या जुन्या प्रयोगाच्या साहाय्याने त्याची संगती लागते. प्रत उतरविणे आणि हावभाव उतरविणे यांत अंतर थोडे आहे. मराठीत ‘नक्कल’ हा एकच शब्द दस्तऐवजाची प्रत व दुसऱ्याचे हुबेहूब अनुकरण या दोन्ही अर्थांनी वापरतात, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

(६) अकर्मक प्रयोगात कर्ता स्वतःच अलग होतो. ‘स्वतःला घेऊन निघणे’ अशा आत्मवाचक कर्म असलेल्या रचनेतही हे क्रियापद इंग्रजीत वापरतात. तिच्या शेजारी ठेवून पाहता कर्म नसलेल्या रचनेचा ‘तडकाफडकी निघून जाणे’ हा अर्थ सहज समजतो. (७) उडी मारताना पाय जमिनीवरून उचलला जाण्याचा क्षण, या अर्थी हा शब्द एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. पक्षी व कीटक यांच्या उड्डाणासही तो लावतात. विसाव्या शतकाच्या आरंभी विमाने उडू लागली, तेव्हा नव्या क्रियेसाठी नवा शब्द घडवावा लागला नाही. उडीचा हाच शब्द विमानाला लागू झाला. (८) विमानाच्या उड्डाणावरून पुढे एखादी कल्पना, धंदा किंवा व्यक्तीची कारकीर्द यांनी अल्पावधीत मोठी झेप घेणे, असा लाक्षणिक अर्थ आला.

या क्रमावरून एक गोष्ट स्पष्ट होते. एका अर्थापासून शेजारच्या अर्थापर्यंतची पायरी नेहमी लहान असते. पहिला व शेवटचा अर्थ एकदम समोर आले म्हणजे ते परके वाटतात, कारण मधल्या पायऱ्या दिसत नाहीत. टोपी काढणे व धंद्याने जोर धरणे यांत थेट संबंध काहीच नाही. परंतु काढणे, अलग होणे, जमीन सोडणे, झेपावणे या पायऱ्या मांडल्या की संबंध उलगडतो.

पारिभाषिक उपयोग : अर्थशास्त्रात हा शब्द अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ वॉल्ट व्हिटमन रॉस्टो (१९१६–२००३) यांनी आणला. १९५६ मधील एका निबंधात व त्यानंतर द स्टेजेस ऑफ इकॉनॉमिक ग्रोथ (१९६०) या ग्रंथात त्यांनी आर्थिक विकासाच्या पाच अवस्था कल्पिल्या. त्यांपैकी तिसरी अवस्था ‘टेक-ऑफ’ म्हणजे उड्डाणावस्था होय. राष्ट्रीय उत्पन्नातील उत्पादक गुंतवणुकीचे प्रमाण सु. ५ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या वर जाणे, हे तिचे एक प्रमुख लक्षण त्यांनी मानले. ग्रेट ब्रिटनचे उड्डाण त्यांनी १७८३–१८०२ या काळात, तर भारताचे उड्डाण १९५२ पासून सुरू झाल्याचे त्यांनी तात्पुरते दाखविले होते. सायमन कुझनेट्स यांसारख्या अर्थशास्त्रज्ञांनी आकडेवारीच्या आधारे या सिद्धांतावर आक्षेप घेतले. भाषेच्या दृष्टीने पाहता, या रूपकाबरोबर काही गृहीतेही सिद्धांतात आली : विमानाने जमीन सोडण्याचा क्षण निश्चित असतो, त्यामागे वेग साठविण्याची तयारी असते व एकदा हवेत गेल्यावर ते आपल्या बळावर तरंगते. राष्ट्राच्या विकासाला असा निश्चित क्षण असतो काय, हाच पुढे वादाचा एक विषय झाला.

यंत्रविद्येत ‘पॉवर टेक-ऑफ’ म्हणजे एंजिनाची शक्ती दुसऱ्या यंत्राकडे काढून नेण्याची योजना. ट्रॅक्टरच्या मागील बाजूस असलेल्या फिरत्या दांड्यावर मळणी यंत्र, फवारणी यंत्र, रोटाव्हेटर इ. अवजारे चालतात, या दांड्याची एक प्रमाणित गती मिनिटाला ५४० फेरे ही आहे. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या बोलण्यात तो आद्याक्षरांवरून ‘पीटीओ’ म्हणून रुळला आहे. बांधकाम-व्यवसायात नकाशांवरून विटा, काँक्रीट, लाकूड इत्यादींची परिमाणे मोजून उतरवून घेण्याच्या कामास ‘टेकिंग ऑफ’ म्हणतात. या दोन्ही उपयोगांत उड्डाणाचा लवलेश नाही; येथे ‘काढून घेणे’ हा जुनाच अर्थ कायम आहे.

संदिग्धता व तिचे परिणाम : अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ कर्म, कर्ता व प्रसंग यांवरून ठरतो आणि सामान्य व्यवहारात श्रोत्याला तो विनासायास कळतो. संदेश तुटक व माध्यम सदोष असेल, तर मात्र ही सोय राहत नाही. याचे सर्वांत शोचनीय उदाहरण ‘टेक ऑफ’शीच निगडित आहे. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी टेनेरीफ बेटावरील लोस रोदेओस विमानतळावर दाट धुक्यात के. एल. एम. या डच व पॅन अमेरिकन या अमेरिकन कंपनीच्या दोन बोइंग ७४७ विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी नियंत्रकाने डच विमानाला उड्डाणानंतर घ्यावयाच्या मार्गाच्या सूचना दिल्या होत्या. प्रत्यक्ष उड्डाणाची अनुज्ञा त्याने दिली नव्हती. परंतु या सूचनांत ‘टेक-ऑफ’ हा शब्द आला होता. सूचनांची पुनरुक्ती करून सहवैमानिकाने अखेरीस ‘आम्ही आता अ‍ॅट टेक-ऑफ आहोत’ अशा आशयाचे शब्द उच्चारले. विमान उड्डाणाच्या जागी थांबून आहे, असा अर्थ नियंत्रकाने घेतला. वस्तुतः ते दौडू लागले होते. थांबण्याविषयीचा नियंत्रकाचा पुढील संदेश व अमेरिकन विमानाचा आपण अजून धावपट्टीवरच आहोत हा संदेश एकाच वेळी प्रसारित झाल्याने डच वैमानिकांना ते स्पष्ट ऐकू आले नाहीत.

स्पॅनिश चौकशी अहवालाने अनुज्ञेविना उड्डाण सुरू करणे हे अपघाताचे मूळ कारण मानले. त्याचबरोबर भाषेचा अपुरेपणा हे एक साहाय्यक कारण म्हणून नोंदविले. डच भाषेत चालू क्रिया दाखविण्यासाठी ‘-जवळ, -शी’ अशा अर्थाच्या अव्ययाची रचना योजतात; तिच्या प्रभावाने सहवैमानिकाने ‘अ‍ॅट’ हा शब्द वापरला असावा, असे स्पष्टीकरण भाषाभ्यासक स्टीव्हन कुशिंग यांनी आपल्या फेटल वर्ड्‌स (१९९४) या ग्रंथात दिले आहे. या अपघातानंतर विमान-वाहतुकीच्या संदेशभाषेत सुधारणा झाली. ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची अनुज्ञा देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारावा व इतर सर्व प्रसंगी ‘डिपार्चर’ (निर्गमन) हा शब्द योजावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. नेहमीच्या भाषेतील बह्वर्थी शब्दाला एका क्षेत्रापुरते मुद्दाम एकार्थी करण्याचे हे ठळक उदाहरण होय.

कोशरचना व अध्यापन : ‘टेक ऑफ’चे नेमके अर्थ किती, या प्रश्नाचे सर्वसंमत उत्तर नाही. टोपी काढणे व अवयव कापणे हे एका अर्थाचे दोन प्रकार मानावयाचे की दोन स्वतंत्र अर्थ, हे कोशकाराच्या धोरणावर अवलंबून असते. ए. पी. काउई व आर. मॅकिन यांच्या १९७५ मधील ऑक्सफर्ड कोशाचा पहिला खंड अशा क्रियापदांनाच वाहिलेला असून त्यात प्रत्येक अर्थाबरोबर येणारे कर्ते व कर्मे यांची उदाहरणे दिली आहेत. त्यानंतर १९८३ मध्ये लाँगमन या प्रकाशनसंस्थेनेही असा कोश काढला. ब्रिटिश इंग्रजीच्या दहा कोटी शब्दांच्या संग्रहावर आधारलेल्या २००७ मधील एका अभ्यासात सर्वाधिक प्रचलित १०० पदबंधात्मक क्रियापदांचे ५५९ अर्थ, म्हणजे प्रत्येकी सरासरी ५ ते ६ अर्थ आढळले. २०१५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या एका यादीत केवळ प्रमुख अर्थ निवडल्यावर १५० क्रियापदांचे २८८ अर्थ उरले. शिकणाऱ्यावरील भार निवडीने किती हलका होतो, हे यावरून दिसते.

याउलट शब्दसंख्या कमी करून भाषा सोपी होते, हा समज फसवा ठरू शकतो. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये मांडलेल्या ‘बेसिक इंग्लिश’मध्ये केवळ ८५० शब्द व त्यांत १८ क्रियापदे होती. ‘टेक’ व ‘ऑफ’ हे दोन्ही शब्द त्यांत असल्याने ‘टेक ऑफ’ निराळा मोजण्याची गरज पडली नाही. परंतु त्याचे अर्थ शिकण्याचे श्रम त्यामुळे चुकले नाहीत. ‘रिमूव्ह’, ‘डिडक्ट’, ‘इमिटेट’, ‘डिपार्ट’ यांसारखे लॅटिन वळणाचे प्रतिशब्द भारतीय विद्यार्थ्याला पुस्तकांतून आधी भेटतात व एकार्थी असल्याने सोपे वाटतात. इंग्रजी भाषकाच्या घरगुती बोलण्यात मात्र ‘टेक ऑफ’च अधिक सहज येते.

मराठीशी तुलना : ‘टेक ऑफ’च्या क्षेत्राशी मराठीतील ‘काढणे’ या क्रियापदाचे क्षेत्र बरेच जुळते. अंगरखा काढणे, रजा काढणे, कामावरून काढणे या प्रयोगांत दोन्ही भाषा समांतर चालतात; ‘काढता पाय घेणे’ या वाक्प्रचारात निघून जाण्याचा अर्थही आला आहे. पुढे मात्र वाटा फुटतात. मराठी भाषक चित्र काढतो, कर्ज काढतो, खोडी काढतो व कठीण दिवसही काढतो. ‘टेक ऑफ’ तेथपर्यंत पोहोचत नाही. उलट विमानाचे उड्डाण ‘काढणे’च्या कक्षेत येत नाही, त्यासाठी मराठीत ‘उड्डाण करणे’ किंवा बोलण्यात ‘टेक-ऑफ घेणे’ असे म्हणतात. इंग्रजी निपाताचे काही कार्य मराठीत संयुक्त क्रियापदांकडून होते. काढून टाकणे, निघून जाणे, उतरवून घेणे यांतील टाकणे, जाणे, घेणे ही क्रियापदे आपला मूळ अर्थ काही अंशी सोडून मुख्य क्रियेला पूर्णता वा दिशा देतात. म्हणून ‘टेक ऑफ’ला मराठीत एकच प्रतिशब्द शोधणे व्यर्थ ठरते. वाक्यातील कर्ता व कर्म पाहून दरवेळी नवा शब्द निवडावा लागतो, आणि इंग्रजी श्रोताही त्या शब्दाचा अर्थ त्याच खुणांवरून ठरवीत असतो.